मुद्देसर आणि नाल्याची झडप

मुद्देसरांना काहीही विचारा, उत्तराची सुरुवात ठरलेली. "याला दोन बाजू आहेत." चहात साखर घालू का, असं बायकोने विचारलं तरी तेच! ती बिचारी चमचा हातात धरून उभी, आणि हे जिभेच्या सुखापासून सुरू करून रक्ताच्या तपासणीपर्यंत पोचायचे. तोवर चहाचं पाणी झालेलं. शेवटी तिने विचारणंच सोडलं. ती आपल्या मनाने साखर घालायची, हे मुकाट प्यायचे, आणि संसार गुण्यागोविंदाने चालला होता.

सर शाळेत भाषा शिकवायचे, पण ती झाली पोटापाण्याची नोकरी. जीव सगळा भाषणांत. वक्तृत्व म्हणू नका, वादविवाद म्हणू नका, जिथे म्हणून पोरं माईकपुढे उभी राहून "अध्यक्ष महोदय" करतात, तिथली निम्मी भाषणं सरांच्या पुढच्या खोलीत जन्मलेली. निवृत्त झाल्यावर तर काय, दारात चपलांचा ढीग. खोलीत सामान तरी किती? भिंतीला एक उभा आरसा, त्याच्यापुढे स्टुलावर पाण्याचा ग्लास, आणि टेबलावर पितळी घंटी. पोराने आरशात बघून बोलायचं, सर सांगतील त्या जागी थांबून पाण्याचा घोट घ्यायचा, आणि वेळ संपली की सर घंटी मारायचे. घंटी झाली की वाक्य अर्धं असो, शब्द अर्धा असो, तोंड मिटायचं. "वेळ न पाळणाऱ्याचा मुद्दा खरा असला तरी तो हरला," असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते पाहून चिडायला व्हायचं.

गंमत पुढेच आहे. विषयाच्या बाजूने बोलणारं पोर सकाळी यायचं आणि विरुद्ध बोलणारं संध्याकाळी, दोघांचा मास्तर एकच! लोकांना वाटायचं, हा माणूस कुठेतरी डावं-उजवं करत असणार. तर करायचे, पण त्यांची तऱ्हाच वेगळी. जी बाजू लंगडी, तिला सर चांगली वाक्यं द्यायचे. "खरं असतं ते आपल्या पायांवर उभं राहतं," ते म्हणायचे. "काठी द्यायची ती लंगड्याला. दुबळ्या पोराच्या ताटात जास्त वाढायचं असतं." ऐकायला किती छान! आईच्या मायेने हा माणूस आयुष्यभर खोट्याचं पोट भरत होता, आणि त्याला स्वतःला ते न्यायाचं काम वाटत होतं.

एका वर्षी विषय आला, 'हवामान बदल : संकट की बाऊ?' संकटवाल्या बाजूला काय कमी होतं? वितळणारा बर्फ होता, चढणारा पारा होता, वर येणारा समुद्र होता, शास्त्रज्ञांचे आकडे होते. सरांनी ती बाजू एका बैठकीत उरकली. दुसरी बाजू मात्र दोन्ही पायांनी लंगडी. सरांनी बाह्या सरसावल्या. जेवताना सुद्धा पुटपुटायचे. बायकोने वाढलेलं काय खाल्लं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी जे भाषण तयार झालं त्याचं नाव 'कसलं संकट?', आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं झोकदार त्यांच्या हातून पुन्हा काही उतरलं नाही.

ते ज्या पोराला दिलं त्याला सगळे पोपट म्हणायचे. पाठांतर असं की एका स्पर्धेत तो भर सभेत "इथे पाण्याचा घोट" हेही मोठ्याने म्हणून मोकळा झाला होता. पण आवाज! घशात जणू घंटाच बसवलेली. पोपट उभा राहायचा, श्रोत्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "म्हणे हवामान बदलतंय! अहो, ते बदलत नव्हतं कधी? पाणी तर पूर्वीही यायचं. ज्यांना उद्याच्या पावसाचा अंदाज येत नाही, ते आपल्याला नातवंडांच्या उन्हाची भीती घालतात!" इथे पाण्याचा घोट. मग ग्लास खाली ठेवून, आवाज उतरवून, "भ्यालेली माणसं भिंती बांधतात. शहाणी माणसं उद्याचं जग बांधतात." टाळ्या अशा की पंख्याचा आवाज ऐकू येऊ नये. पोपटाने त्या भाषणावर ढाली गोळा केल्या, आणि प्रत्येक ढालीबरोबर सरांची छाती फुगत गेली.

"तुमचा तरी विश्वास आहे का हो यावर?" बायकोने एकदा विचारलं होतं. मुलं तिला काकू म्हणायची, आपणही काकूच म्हणू. शिवणकाम करणारी बाई, बोलायला कमी आणि बघायला पक्की.

"आचाऱ्याने रांधलेलं सगळं स्वतः खायचं असतं का?" सर म्हणाले.

"खाऊ नये, पण चाखावं तरी," काकू म्हणाली, आणि मशीन चालू केलं.

वर्षं गेली. पोपट मोठा झाला, केस मागे वळवू लागला, आणि बघता बघता शहराच्या समितीचा अध्यक्ष झाला. त्याला जन्मात दुसरं भाषण लागलंच नाही. रस्ता असो, दवाखाना असो, झाडं तोडणं असो, तो तेच भाषण थोडं शिवून-उसवून घालायचा. रस्त्यात सर दिसले की गाडी थांबवून उतरायचा, वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "सर, आहे ते सगळं तुमचंच." ते किती खरं होतं ते सरांना तेव्हा कळलं नाही.

आता घराबद्दल सांगायला हवं. सरांचं घर खालच्या आळीत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे मोरी, आणि आळीच्या कडेने एक मोठा नाला, तो पुढे खाडीला मिळतो. शहराचं पाणी नाल्यातून खाडीत जावं असा पूर्वजांचा बेत होता. खाडीने तो बरीच वर्षं मानलाही. मग तिची पातळी वर सरकली, आणि मोठ्या भरतीला पाणी उलटं नाल्यातून आळीत यायला लागलं. आधी वर्षातून एखाद्या वेळी. मग अमावास्या-पौर्णिमेला. आभाळ कोरडं ठणठणीत, ऊन मी म्हणतंय, दोरीवर कपडे कडकडीत वाळलेले, आणि खाली गल्लीत घोटाभर खारं पाणी! दूधवाला सायकल उचलून खांद्यावर घ्यायचा. न्हावी दुकानाच्या पायरीवर बसून पाणी उतरायची वाट बघायचा.

आळीत वाद काय कमी झाले? न्हावी म्हणायचा, समुद्र वर आलाय. वाणी म्हणायचा, समुद्र तिथेच आहे, नाला तुंबलाय. न्हाव्याने म्हणायचं तुझं डोकं तुंबलंय, वाण्याने म्हणायचं तू आधी उधारी दे. आणि दोघांनी मिळून सरांकडे बघायचं. सर पाण्यात उभे, पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, चेहरा न्यायाधीशाचा. "याला दोन बाजू आहेत," ते सुरू करायचे. पाणी ओसरायचं, तरी त्यांची पहिली बाजू संपायची नाही.

काकूला बाजू एकच होती, आणि ती ओली होती. आधी तिची कापडाची गाठोडी गेली. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर खाऱ्या पाण्याची पिवळी रेघ उठली की ती जात नाही. मग शिवणयंत्राच्या पायाने दाबायच्या पट्टीला गंज चढला. ते यंत्र म्हणजे लोखंडाचं धूड, तिच्या आईने दिलेलं. तिने ते विटांवर चढवून घेतलं, मग आणखी विटांवर, इतकं की पायाने चालवता येईना, म्हणून ती हाताने चाक फिरवून शिवायला लागली. आणि भरती काही दिवस बघून येत नाही. म्हणून ती झोपताना एक हात खाटेखाली सोडून झोपायची. पाणी आलं की आधी बोटांना कळायचं. मग उठायचं, सरांना उठवायचं, सामान उचलायचं. सकाळी हात बधिर झालेला असायचा, तो ती दुसऱ्या हाताने चोळत चहा टाकायची. सरांना वाटायचं, बाईचं वय झालं.

"हे बघा," एक दिवस ती म्हणाली, "लेक किती दिवस बोलावतेय. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. तुमची पोरं इथे येतात म्हणून मी गप्प राहिले. पण आता नाल्याचं काहीतरी झालं तर राहीन, नाहीतर मी चालले. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

ही बाई कधी धमकी द्यायची नाही. ती कापड कापल्यासारखं बोलायची, आणि कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

नेमकं त्याच सुमाराला शहराला सरकारचा निधी आला. तो एकाच कामाला पुरणार होता. खालच्या आळीचं म्हणणं, नाल्याच्या तोंडाला झडप बसवा. म्हणजे लोखंडी दारच, फक्त बाहेर उघडणारं. शहराचं पाणी त्याला ढकलून खाडीत जाईल, खाडीचं पाणी त्याला आपटून मागे फिरेल. वरच्या आळीचं म्हणणं, शहराला धड सभागृह नाही, ते बांधा. आणि सभागृह हवं असा अर्ज वर्षानुवर्षं कोण करत होतं? आमचे मुद्देसर! पोरांना स्पर्धेला शाळेच्या पत्र्याखाली उभं राहावं लागतं, हे त्यांचं जुनं दुःख. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

ठरलं असं की सुट्टीच्या दिवशी शाळेत सगळ्यांची सभा घ्यायची, दोन्हीकडच्यांनी तीन-तीन मिनिटं बोलायचं आणि मग हात वर करून निकाल. सभा चालवायला कोण? एकमुखाने नाव आलं, मुद्देसर. यांच्यासारखा निःपक्षपाती माणूस शोधून सापडायचा नाही!

"नाही म्हणा," काकू म्हणाली. "तुम्ही आळीतर्फे बोला. तुमच्यासारखं कुणाला बोलता येतं?"

"अगं, लोकांचा विश्वास आहे माझ्यावर."

"माझाही होता," ती म्हणाली. "बरं, मग मी बोलते. मला लिहून तरी द्या."

तिने काय काय सांगायचं ते सांगितलं, आणि सरांनी ते लिहून घेतलं. म्हणजे, लिहिता लिहिता सुधारलं. गाठोडी काढली, 'लघुउद्योगांचे नुकसान' घातलं. विटा काढल्या. हात खाटेखाली सोडून झोपण्याचं तिने पहिल्यांदाच, जरा लाजतच सांगितलं, तेव्हा सरांची लेखणी थांबली. पण मन पाझरून नव्हे हो!

"हा मुद्दा नाही," ते म्हणाले. "ही तक्रार झाली. सभेत तक्रारीला वजन नसतं."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," काकू म्हणाली, आणि कागद घडी घालून पिशवीत टाकला.

सभेला शाळा भरून गेली. सर टेबलामागे, समोर घंटी. सभागृहातर्फे खुद्द अध्यक्ष बोलायला उठला, आणि पहिल्याच वाक्याला सरांनी ओळखलं. "म्हणे हवामान बदलतंय! अहो, ते बदलत नव्हतं कधी?" तेच भाषण! तीच नजर, तोच चढ, तोच उतार. "पाणी तर पूर्वीही यायचं," पोपट म्हणाला, आणि गुडघाभर पाण्यातून आलेल्या माणसांनी सुद्धा मान डोलावली. घोटाची जागा आली. पोपटाने ग्लास उचलला, आणि टेबलामागे सरांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. त्यांचे ओठ हलत होते. न्हाव्याने वाण्याला कोपर मारून ते दाखवलं. "भ्यालेली माणसं भिंती बांधतात," पोपटाने आवाज उतरवला, "भ्यालेली माणसं झडपा बसवतात. शहाणी माणसं उद्याचं जग बांधतात!" टाळ्यांनी पत्रा हादरला. भाषण तीन मिनिटांच्या आत, घंटीला हात लावायची गरज नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण लाज वाटायच्या आधी सरांना काय वाटलं, ते सांगून टाकतो. अभिमान वाटला!

मग काकू उठली. तिने कागद काढला, चष्मा लावला, 'लघुउद्योगांचे' इथपर्यंत वाचलं आणि कागद पुन्हा घडी करून ठेवला.

"मला असं बोलता येत नाही," ती म्हणाली. "मी कपडे शिवते. माझं मशीन विटांवर आहे. परवा शेजारणीचं पीठ भिजलं, तिने ते वाळवलं, ते खारट लागत होतं तरी त्यांनी खाल्लं, कारण फेकायचं कसं..." लोक हसले. ती शेजारणीवर आली, तिथून मोरीवर, तिथून परत मशीनवर. सर कासावीस झाले. बाई, मुद्द्यावर ये! घड्याळाचा काटा पळतोय, आणि ही पिठात अडकलीय! आणि ती आलीच. हसणारे गप्प झाले होते. तिने एक हात पुढे केला, बोटं पसरली.

"आणि एक सांगते. हे मी कधी कुणाला सांगत नाही. मी झोपते ना, तेव्हा माझा हा हात..."

टण्ण.

घंटी सरांनीच मारली. मारायची असं त्यांनी ठरवलं नव्हतं. वेळ झाली, हात गेला. आख्खं आयुष्य ज्या हाताने हेच केलं, त्याने त्या दिवशी दुसरं काय करायचं? काकू क्षणभर तशीच उभी राहिली, हात पुढे धरून. मग तिने चष्मा काढला, पिशवीत ठेवला आणि बसली. वेळेचा मान राखला बाईने.

हात वर झाले, मोजले गेले. झडप थोडक्यात हरली. पोपटाने येऊन सरांच्या पायांना हात लावला. "सर, कसं झालं?"

"शेवटचं वाक्य घाईत घेतलंस," सर म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

घरी आल्यावर काकूने चहा टाकला. कित्येक वर्षांनी तिने चमचा हातात धरून विचारलं, "साखर घालू?" सरांनी तोंड उघडलं. "बोला," ती म्हणाली, "तीन मिनिटं आहेत." सरांनी तोंड मिटलं. चहा त्या दिवशी बिनसाखरेचाच मिळाला.

लेकीला निरोप गेला. ती म्हणाली, खोली रिकामी करते आणि महिन्याने न्यायला येते. तोवर काकू हातातलं शिवण संपवत होती.

त्याच महिन्यात सभागृहाची पायाभरणी ठरली, आणि त्या निमित्ताने शाळेत वादविवाद स्पर्धा. विषय? अहो, दुसरा कुठला असणार! 'हवामान बदल : संकट की बाऊ?' पोपटाची पोरगी वडिलांसारखीच चुणचुणीत. चिठ्ठी उचलली, तर तिच्या वाट्याला 'संकट' आलं. ती आली सरांकडे. सरांनी जुने कागद काढले. वितळणारा बर्फ, चढणारा पारा.

"सर, हे सगळ्यांकडेच असणार," पोरगी म्हणाली. "बाबांच्या भाषणासारखं मनाला लागेल असं द्या ना."

आता सर पेचात. या बाजूला त्यांनी काठी कधी दिलीच नव्हती. हिला गरज काय, ही तर खरी! त्यांनी डोकं खाजवलं, कपाट धुंडाळलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत खऱ्यासाठी त्यांनी एकही चांगलं वाक्य लिहिलेलं नाही.

"मी देऊ?" कोपऱ्यातून आवाज आला. काकूने मशीनचं चाक थांबवलं होतं. "लिही गं. मी झोपते तेव्हा माझा एक हात खाटेखाली सोडून झोपते."

पोरीने मान वर करून बघितलं. "का?"

"पाणी आलं की बोटांना आधी कळतं म्हणून. लिही."

काकू सांगत गेली. पीठ, विटा, पिवळी रेघ, आईचं मशीन. सवयीने सरांचा हात एकदा घंटीकडे गेला. काकूने नुसतं बघितलं. सरांनी हात खिशात घातला.

स्पर्धेच्या दिवशी काकू गेली नाही. सर परीक्षक होते. परतले ते जवळजवळ धावतच, चपला दारात एकीकडे एक, दुसरीकडे एक.

"अगं, पहिला नंबर! पोरीने हात असा पुढे केला ना, बायका पदराने, रुमालाने, मिळेल त्याने डोळे पुसत होत्या. पोपट रडला! व्यासपीठावर म्हणाला, खालच्या आळीतल्या या माउलीचा हात मी विसरणार नाही. ढाल त्यानेच दिली."

काकूने सुई कापडात टोचून ठेवली. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांत सरांनी तो तसा पाहिला नव्हता. "खरंच? पोपट असं म्हणाला? मग आता झडप बसवणार?"

सरांना प्रश्नच कळला नाही. "झडप?" ते म्हणाले. "अगं, ती स्पर्धा होती."

तिने कापडातली सुई काढली, दोरा तोडला आणि पिशवी भरायला घेतली. लेक आली, आईला घेऊन गेली. मशीन तेवढं जड म्हणून मागे राहिलं, विटांवर.

सर एकटे पडले. पोरं यायची, आरशापुढे बोलायची. चहात साखर किती घालायची हे सरांना ठाऊक नव्हतं, रोज वेगळी पडायची. पहिल्या भरतीला ते जागे झाले तेव्हा चपला खोलीभर तरंगत होत्या आणि कपाटातल्या खालच्या कप्प्यातली सगळी भाषणं, खरी आणि खोटी, एकाच लगद्यात गेली होती. दुसऱ्या भरतीला त्यांनी खाटेखाली हात सोडून बघितला. हात लवकर बधिर होतो. झोप तर लागत नाहीच. तिला वर्षानुवर्षं कशी लागली असेल, या विचाराने सरांना रडू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. इथे कोरडं काही राहिलं नव्हतं, पाषाण तेवढा होता.

दुपारी काकूचा फोन आला. "पाणी आलं?"

सर खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. खाली खोलीत पाणी चमकत होतं, बाहेर लख्ख ऊन. "आलं," ते म्हणाले.

पलीकडे काकू पुढचं ऐकायला थांबली. मग म्हणाली, "दुसरी बाजू?"

"नाही गं. आलंय. तू म्हणत होतीस तसंच आलंय. मी तुझं बोलणं तोडायला नको होतं."

मग ती म्हणाली, आवाज जरा ओला, पण कात्री तीच, "बरं. मग बॅग भरा आणि या. येताना माझं मशीन मोठ्या टेबलावर चढवून या. विटांवर आता भरवसा नाही. आणि एकट्याने उचलू नका, कंबर मोडून घ्याल. त्या पोपटाला बोलवा. त्याला माझा हात आठवतो ना? मशीनही आठवेल."

सरांनी फोन केला, आणि पोपट आलाही. गुरूसाठी जीव टाकणारा माणूस, त्यात खोट नाही. गाडी वरच्या आळीत लावली, बूट-मोजे हातात घेतले, पँट दुमडली आणि अध्यक्ष महोदय पाण्यातून चालत घरात आले. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. मशीनला एका बाजूने सरांनी हात घातला, दुसऱ्या बाजूने त्याने. धूड हललं नाही. पोपटाने दम घेतला, इकडेतिकडे बघितलं. आरशाचा खालचा काठ पाण्यात, स्टूल आडवं, ग्लास तरंगतोय. त्याचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायला तर हवं, आणि त्याला एकच बोलता येत होतं.

"सर," तो म्हणाला, "पाणी तर पूर्वीही यायचं..."

"हो रे," सर म्हणाले, "मीच लिहिलंय ते. उचल."